कातळवाघाचा संसार

जनू गिरणीवाला मला दर शिमग्याला मारायचा. कधी तलवारीने, कधी कड्यावरून ढकलून, एकदा तर माझ्याच दारूगोळ्याच्या कोठाराला आग लावून. वाडीतली माणसं टाळ्या वाजवायची, मुंबईहून आलेले चाकरमानी शिट्ट्या मारायचे, आणि माझी सख्खी आई बायकांच्या पुढच्या रांगेत बसून म्हणायची, "बरं झालं, मेला एकदाचा." एरवी मिरकरवाड्याच्या बंदरावर मी मासळीच्या लिलावाला उभा राहिलो की भलेभले व्यापारी भाव बोलताना चाचरतात. बर्फाच्या पाट्या वाहण्यापासून सुरुवात करून मी स्वतःच्या टेम्पोपर्यंत आलो, ते कुणापुढे मान वाकवून नाही. अशा माणसाला वर्षातून एकदा एका पीठ दळणाऱ्याच्या हातून मरावं लागे.

पण माझं दुखणं ते नाही. मरायला माझी हरकत नव्हती. हरकत एवढीच, की ज्या वर्षी मी मरायचं नव्हतं, त्या वर्षीही मेलो. त्या वर्षी मी जगायचं, असा सौदा ठरला होता. आयुष्यात मी एकाच सौद्यात फसलो, आणि तो कुणा लबाडाशी नव्हे, जनूशी केलेला होता.

आता जनू नाही. त्याचे वडील अण्णा, तेही नाहीत. जनूची बायको, सुलोचनावहिनी, आहेत. त्यांना विचारलं, लिहू का. म्हणाल्या, "लिवा की भावजी. पण निसती तुमचीच बाजू लिवू नका." म्हणून सुरुवात जनूपासून करतो.

जनू उंचीने बेताचा आणि अंगाने काटकुळा. वाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला त्यांची जांभ्या दगडाची गिरणी होती. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो तिथे उभा असायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला असायचा. पापण्यांवरसुद्धा पीठ. हसला की ते गालांवर सांडायचं. दिवसा पिठाने पांढरा, शिमग्याला मुखवट्याने काळा; त्याचा खरा रंग कोणता हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

दिवसभर इंजिनाच्या वरताण बोलायची सवय असल्यामुळे घरीही त्याचा आवाज खाली येत नसे. "अगो, आमटीत मीठ नाय!" हे तो जेवायला बसून म्हणाला, की शेजारची म्हातारी स्वतःची आमटी चाखून बघायची. त्याला कुजबुजता येत नव्हतं. एखादी गोष्ट गुपचूप सांगायची झाली तर तो माणसाला कातळावर लांब घेऊन जायचा आणि तिथे जाऊन ओरडायचा. असा हा माणूस तोंड झाकून वावरायला निघाला होता.

त्याच्या तोंडी एक वाक्य असायचं: "जरा जाडसर राहू दे." बायका दळण आणायच्या आणि म्हणायच्या, बारीक हवंय. हा म्हणायचा, जाडसर राहू दे, चव लागते. हळूहळू ते सगळ्यालाच लागू झालं. आमच्या नाटक मंडळात भांडण झालं आणि कुणी मुळाशी जायला लागला, की जनू म्हणे, "राहू दे जाडसर." मला ते वाक्य कधी पटलं नाही. जाडसर हिशेब ठेवून कुणाचं भलं झालंय?

आणि हा शूर वीर शेजारच्या कोंबड्याला घाबरायचा. लहानपणी एकाने त्याच्या पोटरीला चोच मारली होती म्हणे. अंगणात कोंबडा उभा असला की जनू मागल्या दाराने घरात शिरायचा. कातळवाघ म्हणून जो माणूस सुभेदाराचे दहा शिपाई एका दमात लोळवायचा, त्याला मी स्वतःच्याच घराला वळसा घालताना पाहिलंय.

कातळवाघ म्हणजे जनूने लिहिलेल्या नाटकाचा नायक. शिमग्यात पालखी घरोघर फिरून झाली, की देवळापुढच्या मोकळ्या जागेत आमच्या मंडळाचं नाटक होई. पहिल्या नाटकाचं नाव 'कातळवाघाचा सूड'. कातळवाघाच्या बापाला सुभेदार जालीमरावाने कड्यावरून लोटलेलं असतं. म्हणून तो काळा मुखवटा घालून सुभेदाराचे गड लुटतो, लुटलेलं धान्य गावात वाटतो आणि शेवटी राजकन्या चंद्रावतीला सोडवतो. राजकन्येचं काम गोपाळ न्हावी करायचा. मिशी काढण्यासाठी त्याची दर वर्षी मनधरणी करावी लागे, कारण दुसऱ्याची मिशी उतरवणं हा धंदा आणि स्वतःची उतरवणं हा अपमान, असं त्याचं म्हणणं. घरंदाज बाई स्टेजवर चढणं आमच्याकडे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जालीमराव मी. मंडळाची पद्धत अशी, की जो जे आणेल त्याला त्या तोलाची भूमिका. मी शहरातून रंगवलेले पडदे भाड्याने ठरवून आणायचो, म्हणून मला दोन नंबरची भूमिका. एक नंबरची मिळाली नाही, कारण नाटकच जनू आणायचा.

पडदे ठरवायला एकदा जनू माझ्याबरोबर आला. ती चूक मी पुन्हा केली नाही. पडदेवाल्याने राजवाड्याचा पडदा उलगडला. मी तोंड कडू करून म्हटलं, "खांब वाकडे आहेत हो. आणि हा मोर आहे का बगळा?" पडदेवाला भावात खाली यायला लागला होता. तेवढ्यात मागून गिरणीच्या आवाजात जनू म्हणाला, "काय सुंदर आहे हो! डोळ्यांत पाणी आलं माझ्या!" खरोखरच आलं होतं. पडदेवाल्याने पडदा गुंडाळला आणि मूळच्या आकड्याच्याही वर चढला. परत येताना मी एसटीत त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र खिडकीतून बघत सारखा म्हणत होता, "मोर काय जिवंत होता रे!"

मुखवट्याचं कारण अण्णा. अण्णांचा थोरला भाऊ तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून घरात नाटक हा शब्द निघत नसे. म्हणून जनूने जुन्या छत्रीचं काळं कापड घेतलं, डोळ्यांना दोन भोकं पाडली, आणि कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत झाकणारा मुखवटा शिवला. पहिल्या नाटकाला गावचे मानकरी म्हणून अण्णा पुढच्या खुर्चीत बसले होते.  भोंग्यातून "थांब नराधमा!" असा आवाज घुमला. हाच आवाज रोज संध्याकाळी मीठ मागतो हे सगळ्या वाडीला कळलं. अण्णा मात्र नाटक संपल्यावर मला म्हणाले, "तो तोंड झाकलेला पोरगा कोणाचा रे? बोलणं स्वच्छ आहे. घरचं वळण चांगलं असणार."

अण्णांनी त्याला ओळखलं नाही यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. पण बापाने एकदा ओळखलं नाही म्हटलं, की संपलं. तिथे घासाघीस होत नाही.

दोन शिमगे असे गेले. मग जनूला मुलगा झाला, आणि बारशाच्या दिवशी अण्णांनी मला अंगणात बोलावलं. जनू शेजारीच उभा होता. त्याच्याकडे न बघता अण्णा मला म्हणाले, "तुमच्या नाटकात तो वाघ आहे ना, त्याला माझा एक निरोप सांग. त्याला बायकापोरं असतील. आता तोंड लपवून उड्या मारायचं वय गेलं म्हणावं. या शिमग्याला त्याला मरू दे. त्याच्या पुढल्या शिमग्याला तो जिता दिसला, तर गिरणीची चावी मी धाकट्याच्या हातात देणार."

धाकटा म्हणजे जनूचा भाऊ. मुंबईतली नोकरी सुटून तो घरी येऊन बसला होता. गिरणी गेली असती तर जनूला दुसरा धंदा येत नव्हता. त्याला दळता येत होतं आणि लढता येत होतं. पैकी पोट दळण्यावर चालत होतं.

"सांगतो वाघाला," मी म्हटलं. जनूने मान खाली घातली. त्याच्या पापण्यांवरचं पीठ ओलं झालेलं मला दिसलं, पण तो पडदा बघूनही रडणारा माणूस, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

आठवडाभराने तो मिरकरवाड्याला मला शोधत आला. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, मी बर्फावर उभा राहून भाव बोलत होतो. त्या गर्दीत हा पांढराफटक माणूस उभा. मासे विकणाऱ्या बायका त्याला बघून हसायला लागल्या. जनूने मला हाक मारली आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मला मारशील?"

लिलाव थांबला. मी त्याला बाजूला नेलं. नाटकाचा दुसरा भाग तो लिहीत होता. नाव 'कातळवाघाचा संसार'. लोकांनीच मागितला होता. लग्नानंतर वाघाचं काय झालं, हे मुंबईकर पत्र पाठवून विचारत होते. त्याच्या शेवटी कातळवाघ मरणार होता, आणि मारणारा अर्थातच मी.

संधी समोर आली की मी भाव केल्याशिवाय राहत नाही. मी अटी घातल्या. मी मरणार नाही. मी त्याला मारणार, तेही स्टेजच्या मध्यभागी, तिसऱ्या वाराला. तो डाव्या अंगावर पडणार. मग मी सिंहासनावर बसणार आणि माझ्या हसण्यावर पडदा पडणार. जनू प्रत्येक अटीला "होय" म्हणत गेला. घासाघीस न करता होय म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो, पण त्या दिवशी मी आनंदात होतो. आम्ही हातावर हात मारला. माझ्या हाताला त्याचं पीठ लागलं, त्याच्या हाताला माझे खवले.

नाटक त्याने घरात लिहिलं. मी तालमीच्या निमित्ताने संध्याकाळी जायचो तेव्हा दृश्य ठरलेलं असे. वहिनी विळीवर नारळ खवत बसलेल्या, पोर झोळीत, आणि जनू मधोमध उभा राहून भाषणं म्हणतोय. सुलोचनावहिनी खेडकडच्या. जनूपेक्षा चांगल्या वीतभर उंच. लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांची पंचाईत झाली होती म्हणतात.

जनू म्हणायचा, "इथे चंद्रावती वाघाला ओवाळते. म्हणते, नाथ, विजयी होऊन या."

वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "पोराला ताप आहे ना या परवेशात?"

"आहे."

"मग ती ओवाळत बसेल? ती म्हणेल, जाताय तर जावा, पण येताना औषध आणा. नि गड लुटलात तर आधी दुधाची गाय बघा, तलवारी काय करायच्यात घरात?"

जनू ते तसंच्या तसं लिहून घ्यायचा. पुढे नाटकात सगळ्यात मोठा हशा याच वाक्याला आला, आणि श्रेय मिळालं गोपाळ न्हाव्याला.

मी बंदरावर अडकलो की तालमीला जालीमराव नसायचा. मग वहिनी उठायच्या, पदर खोचायच्या, कोपऱ्यातली काठी घ्यायच्या आणि माझ्या जागी उभ्या राहायच्या. माझे सगळे वार त्यांना पाठ होते. मला तर खुद्द त्यांनीच एकदा सांगितलं, "भावजी, दुसरा वार तुम्ही उशिरा करता. पाय आधी टाका."

शेवटचा प्रवेश जनूने वाचून दाखवला तेव्हा मी होतो. वाघ मातीला निरोप देतो, बायकोला निरोप देतो आणि मरतो.

"म्हणजे मरायचंच?" वहिनींनी विचारलं.

"अण्णांचा शब्द आहे," जनू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं शेजारी गेलं नसेल.

वहिनींनी करवंटी पुन्हा विळीवर धरली. खवत राहिल्या. करवंटीचा काळा भाग पांढऱ्या खोबऱ्यात पडायला लागला तरी हात थांबेना.

नाटकाच्या दिवशी सकाळी जनू विहिरीवरून पाण्याची कळशी आणताना जांभ्याच्या ओल्या पायरीवरून घसरला. पाऊल भोपळ्यासारखं सुजलं. मुंबईकर येऊन पोचलेले, पडदे बांधून झालेले, माईकवाल्याने सकाळपासून भोंगा लावलेला. मी तापलो. "जमिनीकडे बघून चालता येत नाही? राजवाड्यात कळशी उचलायला दासी नव्हती?"

"तुझ्या वहिनीच्या अंगात कसर होती, म्हणून पाण्याला मी गेलो," जनू म्हणाला. "काळजी करू नको. बसायचे परवेश मी करतो. शेवटच्या लढाईला मुखवटा धाकटा घालेल. मी आतल्या माईकवरून बोलतो. आवाज तसाही भोंग्यातूनच येतो. तू आपला मार."

बसायचे प्रवेश उत्तम झाले. कातळवाघ पलंगावर बसून पोराला झोपवतोय, मुखवट्याखालून अंगाई म्हणतोय, आणि बाहेर शिपाई त्याला शोधतायत. लोक हसून हसून पडत होते. अण्णा पुढच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते हसत नव्हते, पण उठूनही गेले नव्हते.

शेवटची लढाई आली. मी सिंहासनाच्या पायरीवरून उतरलो. समोरून कातळवाघ आला. काळा अंगरखा, काळी सुरवार, तोंडावर तो मुखवटा. मध्यंतरानंतर वाघाची उंची वाढलेली बघून मला वाटलं, धाकटा बऱ्यापैकी दिसतोय. भोंग्यातून जनू गरजला, "थांब नराधमा!" मी पहिला वार केला. वाघाने तो लाकडी तलवारीवर असा झेलला की माझं मनगट झिणझिणलं, आणि त्याच क्षणी मला वाघाच्या बाहीत काकणं वाजलेली ऐकू आली. फडकं गुंडाळलं होतं वरून, तरी वाजली.

मी विंगेत बघितलं. जनू पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता, सुजलेला पाय समोर खोक्यावर, मांडीवर पोर. एका हातात माईक, दुसऱ्या हाताने तो पोराला थोपटत होता आणि ओरडत होता, "आज तुझ्या रक्ताने हा कातळ लाल करीन!"

 तेवढ्यात माईकवाल्याने हात वर केला. बक्षिसं पुकारायची असली की नाटक थांबतं, ही आमच्याकडची रीत. राम असो की रावण, जिथे आहे तिथे उभा राहतो. मी आणि कातळवाघ तलवारीला तलवार लावून तसेच थांबलो. नाकासमोर नाक.

"वहिनी?" मी ओठ न हलवता म्हटलं.

"गप ऱ्हावा भावजी. लोकं बघतायत."

"धाकटा कुठाय?"

"परड्यात जाऊन ओकतोय. भ्यालान माणसं बघून."

भोंगा पुकारत होता, "चाळकरी मंडळ, मुंबई, यांच्याकडून कातळवाघाला टॉवेल-टोपी आणि श्रीफळ!"

"बरं, झालं ते झालं," मी म्हटलं. "तिसऱ्या वाराला पडायचं. डाव्या अंगावर. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग पडा नीट."

"मी नाय पडायची."

"म्हणजे?"

"तुमचा सौदा ह्यांच्याशी. मला कोणी इचारलंन?"

"वहिनी, अण्णा समोर बसलेत! गिरणीची चावी..."

"वरच्या वाडीच्या महिला मंडळाकडून," भोंगा म्हणाला, "कातळवाघाला एक जिवंत कोंबडा!"

विंगेतून जनूचा आवाज आला, "आ... आभारी आहोत." गड लुटणाऱ्या वाघाचा आवाज कापल्याचं लोकांना नवल वाटलं असेल.

नाटक पुढे सुरू झालं. मी दुसरा वार केला. उशिराच केला. वाघाने तो परतवला. तिसरा वार मी अगदी ठरल्याप्रमाणे, मध्यभागी, छातीच्या रोखाने केला. विंगेतून स्टेजवरचं काही नीट दिसत नसावं, कारण जनूने ठरल्या वेळी मरायला सुरुवात केली. भोंगा हुंदके देत म्हणाला, "हे कातळमाये, तुझ्या लेकराला पोटात घे. चंद्रावती, बाळाला सांभाळ. मी चाललो..."

आणि स्टेजवरचा वाघ मला हाणत सुटला.

 वाघ मरतोय हे कानांना ऐकू येत होतं आणि लढतोय हे डोळ्यांना दिसत होतं. एका म्हातारीने हात जोडले. "चाललो मी, चाललो..." असं भोंगा म्हणत होता आणि मी मागे मागे सरत होतो. मी दात चावून म्हटलं, "पडा ना!" उत्तरादाखल खांद्यावर फटका बसला. तो वळ आठवडाभर होता. तो मी घरी बर्फाच्या लादीचा म्हणून सांगितला.

एवढ्या आरडाओरड्याने जनूच्या मांडीवरचं पोर जागं झालं आणि माईकमध्ये रडलं. भोंग्यातून ते रडणं सगळ्या गावावर पसरलं, पार पलीकडच्या डोंगरावर आदळून परत आलं. वाघ क्षणभर थांबला. जनू थांबला. मरणही थांबलं. मग ट्रंकेवरून वाकून जनूने स्टेजकडे पाहिलं, आणि काय चाललंय ते त्याला कळलं.

पुढचं त्याने लिहिलेलं नव्हतं.

"चाललो, असं तुला वाटलं काय रे जालीमराव?" भोंगा गरजला. "ज्याचं पोर रडतंय, त्याला मरायला सवड नाही!"

असा ओरडा त्या देवळापुढे मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. माणसं उभी राहिली. माझी तलवार हातातून सुटून माईकवाल्याच्या पुढ्यात पडली. वाघाने माझ्या छातीवर पाय ठेवला. अशा वेळी लोकांनी मला जिवंत राहू दिलं नसतं. मी मेलो. आई म्हणाली, "बरं झालं."

पडदा पडला आणि मी उठून विंगेत धावलो. मुखवटा वर सारून वहिनींनी पोराला घेतलं होतं. मी जनूच्या अंगावर गेलो. "सौदा मोडलास! हातावर हात मारला होतास!"

"मी मेलो होतो रे," जनू कळवळून म्हणाला. "माझं मरायचं भाषण तू ऐकलंस ना? मी पुरं केलं. अंग पडलं नाय, त्याला मी काय करू?"

एवढ्यात मागचा पडदा सारून अण्णा आत आले. हातात काठी. वहिनींनी सासऱ्यांना बघितलं आणि डोक्यावर पदर घ्यायला हात नेला. अंगावर अंगरखा, पदर कुठला! मग कपाळावर सारलेला तो काळा मुखवटाच त्यांनी मागे ओढून डोक्यावरून घेतला आणि खाली बघत उभ्या राहिल्या.

अण्णांनी जनूचं सुजलेलं पाऊल बघितलं. पोराला बघितलं. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलं होतं, वाघ मरेल."

त्यांनी काठी स्टेजच्या दिशेने उचलली.

"दोन पायांवर नाचत होता. कोण होता तो? तुझ्या समोर होता. तू सांग."

माझा खांदा ठणकत होता. सगळ्या गावासमोर माझं हसं झालं होतं. एक नाव घेतलं असतं, तर सगळा वचपा निघाला असता. जनू माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर पीठ नव्हतं, मुखवटा नव्हता, आणि त्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की ती मला बघवेना. वहिनी मात्र शांत होत्या. समोरचा किती पाण्यात आहे याचा अंदाज घेऊन बोली लावणारी माणसं मी बंदरावर पाहिलीत. तसं उभं राहणं होतं ते.

"ओळखलं नाही अण्णा," मी म्हटलं. "तोंड झाकलेलं होतं."

अण्णा थोडा वेळ काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मलाही नाय ओळखता आलं." जाता जाता वळले. "पोराला घरी न्या. दव पडतंय."

दुसऱ्या दिवशी गिरणीची चावी नेहमीच्या खिळ्याला होती. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. विचार करता माझ्या लक्षात आलं, की ती जागची हलणं शक्यच नव्हतं. चावी काढून घ्यायची, तर वाघ जिवंत राहिला म्हणून काढली असं सांगावं लागणार. मग तो वाघ कोण होता, हेही कुणीतरी विचारणार. आपली सून स्टेजवर चढली हे अण्णा चारचौघांत बोलले असते? जनूने सौदा केला तो माझ्याशी, अण्णांनी केला तो जनूशी, आणि ज्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं तिने आम्हा तिघांनाही गप्प बसवून हवं ते घेतलं. मी आयुष्य घासाघिशीत घालवलंय. एवढा स्वच्छ व्यवहार मला कधी साधला नाही. त्याचाच राग जास्त आहे.

वाघ जगला म्हणून पुढल्या वर्षी तिसरा भाग आला, मग चौथा. दर वेळी जनू मला म्हणायचा, "यंदा बघू, जाडसर राहू दे शेवट," आणि दर वेळी मी मरायचो. अण्णा खुर्चीत असायचे. तो मुखवटेवाला कोण, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही लढाईच्या वेळी समोरच्याच्या मनगटाकडे कान लावायचं सोडून दिलं.

पुढे आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली. खोकला जनूला आधीपासून होताच. गिरणीवाल्यांना असतो, असं सगळे म्हणायचे. एका पावसाळ्यात तो वाढला, आणि भाद्रपदात जनू गेला. दहाव्याला मी घाटावर होतो, पण तो निरोप मी धरत नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या आधीच्या उन्हाळ्यात. मासळीचा टेम्पो घेऊन पहाटे कोल्हापूरच्या वाटेला लागलो होतो. कातळाचा उघडा सडा नुकता उजळत होता. रस्त्याच्या कडेने तिघं घराकडे चाललेली दिसली, कुठल्यातरी गावचं नाटक आटपून. वहिनी पुढे, डोक्यावर ट्रंक. मागे जनू, खांद्यावर झोपलेलं पोर, ते आता चांगलं पाय लोंबण्याएवढं झालेलं. जनू दोनदा खोकून थांबला आणि पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. काल दोघांतलं कोण लढलं होतं, ते चालीवरून ओळखू येईना. दोघंही सारखीच दमलेली.

मी हॉर्न वाजवला. जनू वळला. पोर उठेल याचा विचार न करता, टेम्पोच्या इंजिनावर मात करत तो ओरडला, "येत्या शिमग्याला तुला जगवतो रे!"

पुढे चाललेल्या वहिनींनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. डोक्यावरच्या ट्रंकेला एक हात लावून, ट्रंकेसकट, सावकाश मान हलवली. नाही.